ड्रायव्हर रात्री गाडी लावून झोपतो, बदलू का?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या एका गाडीमालक भाऊचं पत्र आलंय. मोठं आहे, कामापुरतं देतो.

"माझी एकच दहा टायर गाडी आहे, फायनान्सवर घेतलेली. केळीचा माल दिल्लीला नेतो. ड्रायव्हर माणूस चांगला आहे, दारू नाही, डिझेलमधे हात मारत नाही. पण रात्री बारा-एक वाजला की इंदूरच्या अलीकडं सनावदला नाहीतर बडवाहला गाडी लावतो अन पाच-सहा तास सरळ झोपतो, फोन पण उचलत नाही. व्यापारी म्हणतो गाडी लेट आली, भाड्यातून पैसे कापतो. मग मी पण ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापले. माझे वडील स्वतः ड्रायव्हर होते, ते रातोरात इंदूर पार करायचे. आता दुसरा एक ड्रायव्हर तयार आहे, तो म्हणतो बत्तीस तासात दिल्ली देतो, एकटा. बदलू का? अन आठ तासाचा कायदा आहे म्हणतात, तो एक गाडीवाल्याला लागू होतो का?"

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाही. बदलू नका. तुमच्याकडं जो माणूस आहे तो या लाईनमधे शोधून सापडत नाही, अन जो बत्तीस तासात दिल्ली देतो म्हणतोय त्याचा हिशोब आपण दोघं मिळून एकदा करू.

सावद्याहून दिल्ली बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, ब्यावरा, गुना, ग्वाल्हेर, आग्रा असं धरलं तर हजार-अकराशे किलोमीटरच्या पुढं जातं. भरलेल्या गाडीला घाट, टोल, गावातले स्पीडब्रेकर, जाम सगळं धरून सरासरी चाळीस पडली तरी खूप झालं. म्हणजे नुसतं स्टेअरिंगवर सत्तावीस-अठ्ठावीस तास. बत्तीसमधून ते गेले, उरले चार-पाच. त्यात दोनदा-तीनदा जेवण, आंघोळ, डिझेल, हवा चेक करणं, आरटीओवाल्यानं थांबवलं तर तो वेळ. मग यात झोप कुठं बसवली त्यानं? कुठंच नाही. तो माणूस तुम्हाला सरळ सांगतोय की मी झोपणार नाही, अन तुम्हाला ते ऐकू येतंय "गाडी वेळेत येईल" असं.

आता तुमच्या आत्ताच्या ड्रायव्हरचा दिवस बघा. मी ट्रान्सपोर्ट लाईनच्या माणसांत बरीच वर्षं काढलीयेत म्हणून हे अंदाजानं नाही सांगत. तुम्ही त्याला सकाळी सहाला उठवता, सात वाजता गाडी वावरात नाहीतर बांधावर लावायला सांगता. कापणीवाली टोळी येते नऊला, कधी दहाला. मग घड कापणं, डोक्यावर वाहून आणणं, गाडीत खाली पाला टाकून एकेक घड रचणं, मधेच टोळीचं जेवण, मधेच शेतकऱ्याचं अन व्यापाऱ्याच्या माणसाचं वजनावरून, भावावरून चाललेलं. एका वावरात गाडी भरत नाही मग दुसऱ्या वावरात. मग वजनाचा काटा. मग दोर आवळणं, मग बिल्टी (माल वाहतुकीची पावती) बनवणारा जेवायला गेलेला असतो त्याची वाट. या सगळ्या वेळात ड्रायव्हर काय करत असतो? तो झोपलेला नसतो. गाडी पुढं घे, मागं घे, फाळका उघड, माल नीट लावताहेत का बघ. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, केबिनचा पत्रा तापलेला असतो, त्यात दुपारी डोळा लागणं शक्यच नाही. गाडी हलते संध्याकाळी सात-आठला.

म्हणजे बडवाह येईपर्यंत तो माणूस अठरा-एकोणीस तास जागा आहे. अन बडवाह सोडलं की पुढं काय आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, बलवाडा अन भेरूघाट. वळणं, उतार, समोरून लाईट मारत येणाऱ्या गाड्या, अन मागं पंधरा-सोळा टन केळी. तो घाटाच्या अलीकडं गाडी लावतो याला मी अक्कल म्हणतो. गाडी कुठं लावायची हे त्यानं विचार करून ठरवलंय, आळशी माणूस कुठंही लावतो.

जागरणाचं शरीरावर काय होतं याची तपासणी शास्त्रज्ञांनी केलेली आहे अन ती सगळ्या मालकांना माहीत असायला पाहिजे. सतरा-अठरा तास सलग जागा असलेल्या माणसाचे हात, डोळे, डोकं हे रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं चालतात, चोवीस तासाला ते 0.10 च्या आसपास जातं. आपल्या कायद्यात गाडी चालवताना दारूची हद्द आहे 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम, म्हणजे 0.03. तुम्ही पत्रात कौतुकानं लिहिलंय की ड्रायव्हर दारू पीत नाही. बरोबर आहे, चांगली गोष्ट आहे, पण रात्री एक वाजता त्याला घाटात घातला तर तो न पिता पण पिलेल्याच्या वरच असतो, अन त्याला पकडायला कुठली मशीन नाही.

अन झोप अशी सांगून येत नाही. डोळे उघडे असतात अन डोकं दोन-चार सेकंद बंद पडतं, माणसाला स्वतःला कळत पण नाही. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, चार सेकंद म्हणजे पासष्ट मीटरच्या वर गाडी कोणीच चालवत नाहीये. रात्री दोन ते पहाटे सहा अन दुपारी दोन ते चार या वेळात शरीर आपोआप खाली बसतं, कितीही तगडा माणूस असो. तंबाखू-चुना, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, खिडकी उघडी, हे सगळं पाच-दहा मिनिटाचं काम आहे. गोळ्या अन तिकडं मिळणारा डोडा, म्हणजे अफूच्या बोंडाचा भुसा, याबद्दल तर बोलायलाच नको, बत्तीस तासवाले कशावर चालतात ते तुम्हाला पण माहितीय.

वडिलांचं म्हणता तर त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्या काळात ज्यांनी गाड्या चालवल्या त्यांनी आपल्या भागातला माल देशभर पोचवला. पण तेव्हाच्या गाड्या भरल्या लोडला पळायच्या किती, रस्त्यावर गाड्या होत्या किती? खड्डे अन गिअर यातच माणूस जागा राहायचा. आता चौपदरी रस्ता लागला की ना वळण ना खड्डा, सरळ पट्टा, गाडीचा एकसारखा आवाज, यात झोप जास्त लवकर येते. अन दुसरं असं की वडिलांच्या सोबतीचे जे पोचले नाहीत त्यांच्या गोष्टी घरात कोणी सांगत नाही. वडिलांनाच एकदा निवांत विचारा, रातोरात इंदूर करताना किती वेळा वाचले ते. खरं सांगतील.

आता कायदा. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता (तो 2025 मधे नव्या लेबर कोडमधे गेला, ते खाली सांगतो), त्यात ड्रायव्हरचं काम दिवसाला आठ तास अन आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगीनं दहा तास अन आठवड्याला चोपन्न, त्याच्या वर नाही. सलग पाच तासाच्या आत निदान अर्धा तास विश्रांती. आराम धरून सगळा दिवस बारा तासाच्या आत गुंडाळायचा. अन एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुटी. आठवड्यातून एक दिवस आराम. जादा कामाला दुप्पट पैसे.

तुम्ही विचारलं एक गाडीवाल्याला लागू होतो का. 1961 च्या कायद्यात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याची अट होती अन सगळे छोटे मालक तिच्याकडं बोट दाखवतात. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 91 वाचा, त्यात म्हटलंय की ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला ठेवलेल्या कोणत्याही माणसाचे कामाचे तास 1961 च्या कायद्यात दिलेत तेच राहतील. कोणत्याही माणसाचे. तिथं पाचाचा आकडा नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड, म्हणजे कामगारांचे एकत्र केलेले नवे कायदे, लागू झालेत अन 1961 चा कायदा त्यातल्या सुरक्षा अन आरोग्याच्या कोडमधे गेलाय, पण दिवसाला आठ तास हे मूळ त्यातही आहेच. रस्त्यावर कोणी हे तपासत नाही हे मला मान्य आहे, मी आयुष्यात एकाही नाक्यावर "किती तास चालवलं" असं विचारताना ऐकलं नाही. गडकरी साहेबांनी 2021 मधे बोलून दाखवलं होतं की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे तास ठरले पाहिजेत अन गाडीत झोप ओळखणारा सेन्सर पाहिजे. युरोपात साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं अन दिवसाचे साधारण नऊ तास, अमेरिकेत अकरा तास चालवलं की दहा तास सुटी, अन तिकडं गाडीतली मशीन ते लिहून ठेवते, मालकाच्या शब्दावर काही चालत नाही. आपल्याकडं मशीन नाही म्हणून तास मोजायचं काम मालकावर येतं. म्हणजे तुमच्यावर.

पण मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. त्या 1961 च्या कायद्यात कामाचे तास म्हणजे नुसतं गाडी चालवणं धरलेलं नव्हतं. माल भरणं, उतरवणं, गाडीची देखभाल, हिशोब, हे सगळं त्यात धरलं होतं. आता लावा हिशोब. तुमचा ड्रायव्हर संध्याकाळी आठला सावदा सोडतो तेव्हा त्याचा कामाचा दिवस कायद्यानं संपलेला आहे. तुमच्या डोक्यात तो तेव्हा सुरू होतो. सगळा घोळ इथंच आहे भाऊ. दिवसा बारा तास वावरात, काट्यावर अन बिल्टीच्या टेबलापुढं गेले, ते कोणी मोजले नाहीत, ना व्यापाऱ्यानं ना तुम्ही, अन मग ते बारा तास भरून काढायचे कुठून तर ड्रायव्हरच्या रात्रीतून. गाडी बडवाहला लेट झालेली नसते, ती सावद्यातच लेट होते.

म्हणून सुधारणा पण सावद्यातूनच करा. गाडी सकाळी सातला लावायची सवय सोडा, टोळी वावरात उतरली असा फोन आल्यावर गाडी काढा. शक्य असेल तर वावरातलं लोडिंग दुसऱ्या माणसावर सोडा, तुम्ही स्वतः जा, तुमच्याकडं लायसन असेलच, गाडी पुढं-मागं करायला ड्रायव्हर कशाला पाहिजे. त्याला दुपारी घरी झोपू द्या, पंख्याखाली, दार लावून. सात तास झोप झालेला माणूस संध्याकाळी गाडीवर बसवा अन मग बघा तो बडवाहला थांबतो की नाही, कदाचित इंदूर ओलांडून पहाटे थांबेल. तिथं थांबला तरी झोपू द्या. निघताना पोटभर शेवभाजी अन वर तर्री असं जेवण करून बसवू नका एवढं पण सांगतो, हलकं जेवून निघालेला माणूस जास्त जागा राहतो.

व्यापाऱ्याशी बोलायचं ते आधी, गाडी भरायच्या आधी. बिल्टीवर दोन वेळा लिहून घ्या, गाडी लोडिंगला लागली ती वेळ अन गाडी सुटली ती वेळ. त्याच्या सहीनं किंवा त्याच्या माणसाच्या सहीनं. ठरलेल्या वेळेच्या वर लोडिंगला लागले तर हॉल्टिंग चार्ज, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, अन पोचायची वेळ मोजायची ती गाडी सुटल्यापासून. हे नसेल तर तो कापणारच, कारण त्याच्याकडं बोलायला वेळ आहे अन तुमच्याकडं कागद नाही. माल खराब होतो म्हणेल. उन्हाळ्यात गरमीनं माल चढतो, म्हणजे लवकर पिकायला लागतो, हे खरंय, पण आपली केळी कच्ची जाते, तिकडं उतरून रायपनिंग चेंबरमधे, म्हणजे पिकवायच्या खोलीत, चार-पाच दिवस राहणार असते, तिला रस्त्यात पाच तास जास्त लागले म्हणून ट्रकभर माल गेला असं होत नाही. खरंच घाई असेल, त्याला दोन दिवसाच्या आत माल पाहिजेच असेल, तर दोन ड्रायव्हरचं भाडं मागा. एका माणसानं नियमात चालवायचं तर दिल्लीला तीन दिवस लागतात, हे त्याला तोंडावर सांगा. दोन ड्रायव्हर म्हणजे दोन हेवी लायसनवाले, क्लिनरला "थोडं तू धर" म्हणून स्टेअरिंगवर बसवायचं नाही, लायसन नसलेल्याच्या हातून काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो.

इन्शुरन्सवरून आठवलं, तुमची पॉलिसी काढून बघा, पगारी ड्रायव्हरची जबाबदारी त्यात कव्हर आहे का. ड्रायव्हरला कामावर असताना काही झालं तर मालक जबाबदार असतो (आधी 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानं, आता नव्या सामाजिक सुरक्षा कोडनं), अन हप्त्यावर गाडी असलेल्या माणसाला ते पेलत नाही. बत्तीस तासवाल्याचा स्वस्तपणा मोजताना हे पण मोजा.

रात्रीचा फोन बंद करा. हे मी विनंती म्हणून सांगतोय. तुम्ही एक वाजता करता, दोनला करता, तो उचलत नाही म्हणून तीनला करता. प्रत्येक रिंगला त्याची झोप मोडते, म्हणजे गाडी पण थांबली अन झोप पण नाही झाली, दोन्हीकडून तुमचंच नुकसान. जीपीएस लावून घ्या, गाडी कुठं उभी आहे ते मोबाईलवर दिसेल, अन त्याच्यावर बघा की सलग किती तास उभी होती. सहा दिसले तर समाधानानं तुम्ही पण झोपा. दोनच दिसले तर सकाळी विचारा, का रे झोपला नाही का, काय अडचण आली. अडचणी खूप असतात. डिझेल काढून नेतील, बॅटरी नेतील, म्हणून ड्रायव्हर एक डोळा उघडा ठेवून पडलेला असतो. टाकीला चांगलं लॉक बसवा. पार्किंगचे, आंघोळीचे पैसे भत्त्यात वेगळे द्या म्हणजे तो अंधारात रस्त्याच्या कडेला न लावता लाईट असलेल्या पंपावर किंवा ओळखीच्या ढाब्यावर लावेल. कडेला उभ्या केलेल्या गाडीवर मागून येऊन आदळणं हे वेगळंच मरण आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर "अपना घर" नावानं ड्रायव्हर लोकांसाठी खाटा, बाथरूम, स्वयंपाकाची जागा अशी सोय केलेली आहे, तुमच्या रूटवर कुठं आहे ते विचारून ठेवा. केबिनला पंखा अन जाळी बसवा. 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या नव्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी झालंय, तुमची जुनी आहे, तिला निदान चांगला पंखा तरी पाहिजे.

अन रस्त्यात अवेळी झोप आली तर काय करायचं ते त्याला सांगा, सांगा म्हणजे परवानगी द्या. गाडी सुरक्षित जागी लावायची, एक कप कडक चहा किंवा कॉफी प्यायची अन लगेच वीस मिनिटं पडायचं, चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर लगेच स्टेअरिंग नाही, दहा-पंधरा मिनिटं टायर ठोकत, दोर बघत फिरायचं, मग बसायचं. पण हे तात्पुरतं आहे, रात्रीची झोप याच्यानं भरून निघत नाही. तो पुरेसं झोपून पण दिवसभर पेंगत असेल अन झोपेत फार घोरत असेल, मधेच श्वास अडकल्यासारखा दचकत असेल, तर डॉक्टरला दाखवा, तो आजार असतो अन त्याला इलाज आहे.

पैशाचं. भत्त्यातून जे कापलं ते पुढच्या ट्रिपला निघायच्या आधी त्याच्या हातात द्या, अन "व्यापाऱ्यानं कापलं ते आपल्या दोघांचं भांडण नाही" असं बोलून द्या. लवकर पोचला तर बक्षीस ही पद्धत तुमच्याकडं असेल तर ती आजच बंद. बक्षीस द्यायचं तर टायर, डिझेल, माल नीट उतरला यावर द्या.

आता तुम्ही म्हणाल, मी एकटा असं बोललो तर व्यापारी दुसरी गाडी लावेल. लावेल, शंभर टक्के लावेल. म्हणून एकट्यानं नका बोलू. सावदा, फैजपूर, रावेर पट्ट्यात तुमच्यासारखे एक-दोन गाडीवाले ढिगानं आहेत, सगळ्यांचं दुखणं एकच आहे. पाच-सहा जण आधी चहाला बसा, लोडिंगची वेळ बिल्टीवर लिहिल्याशिवाय गाडी काट्यावरून हलणार नाही एवढी एकच गोष्ट ठरवा, बाकीचं नंतर. आपल्याकडं 2021 च्या फेब्रुवारीत किनगावजवळ पपईचा ट्रक रात्री उलटला अन माझ्या आठवणीप्रमाणं पंधरा-सोळा मजूर गेले, त्या गावांतली माणसं तुम्हाला ओळखीची असतील, त्यांना पण बोलवा, ते ऐकतील. बिल्टीवर नेमके शब्द काय टाकायचे ते जमत नसेल तर परत लिहा, दोन ओळी बनवून देतो, छापून घ्या.